घडीच्या ब्लूटूथ कळफलकाचा ड्रायव्हर डेबियन १३ वर आणताना: प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५

जुन्या मोडी कागदपत्रांचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या नागपुरातील एका अभ्यासगटाने आपल्या टॅब्लेट-संगणकांवर डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीच्या १२ व्या आवृत्तीच्या जागी १३ वी बसवण्याचे ठरवले आहे. त्या संगणकांसोबत वापरल्या जाणाऱ्या घडीच्या ब्लूटूथ कळफलकांचा ड्रायव्हर (उपकरण आणि कार्यप्रणाली यांना जोडणारा प्रोग्राम) नव्या आवृत्तीवर चालता करण्याचे काम आजपासून हाती घेतले. डेबियन १३ ही आवृत्ती ९ ऑगस्टला प्रसिद्ध झाली. तिच्यात कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा मुख्य भाग, ६.१ वरून ६.१२ वर जातो आणि जीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) १२ वरून १४ वर. गटातील मंडळी रामटेक, सावनेर, काटोल, उमरेड अशा ठिकाणी लोकांच्या घरी बसून कागद वाचतात आणि तेथेच टंकन करतात, त्यामुळे पिशवीत मावणारा आणि वायर नसलेला कळफलक ही त्यांची खरी गरज आहे.

मागणी ‘उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून टाकावा’ अशा शब्दांत आली होती. तेथे मिळणारी फाइल केवळ विंडोजसाठी आहे, म्हणून तो मार्ग बंद आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, ब्लूटूथ कळफलकाला सहसा स्वतःचा ड्रायव्हर लागतच नाही. माउस, कळफलक इत्यादी साधनांसाठी एचआयडी नावाचे सामाईक मानक आहे. कळफलक जोडला जाताना ‘माझ्याकडून येणाऱ्या माहितीची मांडणी अशी आहे’ हे सांगणारा रिपोर्ट डिस्क्रिप्टर संगणकाला देतो आणि कर्नेलमधील सर्वसाधारण ड्रायव्हर तेवढ्यावर काम चालवतो. तरीही या गटाकडे डेबियन १० च्या काळात कोणीतरी लिहून दिलेला वेगळा ड्रायव्हर आहे. तो कशासाठी लिहिला गेला हे कळल्याशिवाय त्याच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.

१० सप्टेंबर

जुना सोर्स कोड वाचून काढला. टिपा जवळजवळ नाहीत, परंतु लिहिणाऱ्याचा हात सरावलेला दिसतो. ड्रायव्हर चार कामे करतो. पहिले, कळफलकाने दिलेला डिस्क्रिप्टर दुरुस्त करणे. दुसरे, भाषा बदलण्याच्या कळीला वेगळा कळ-क्रमांक देणे. तिसरे, फार वेळ दाबलेली कळ टायमर लावून आपणहून सोडवणे. चौथे, बॅटरीची पातळी वाचून ती वेगळ्या फाइलीत दाखवणे.

कर्नेल ६.१२ वर तो कंपाइल होत नाही. पहिली त्रुटी हेडर फाइलीची, म्हणजे कोडमध्ये समाविष्ट करायच्या सामाईक फाइलीची आहे. विषम पत्त्यावरील आकडे वाचण्याची फंक्शने असलेली ‘अनअलाइन्ड’ ही फाइल ६.१२ मध्ये ‘एएसएम’ फोल्डरमधून ‘लिनक्स’ फोल्डरमध्ये हलवली गेली आहे. दुसरी त्रुटी डिस्क्रिप्टर दुरुस्त करणाऱ्या ‘रिपोर्ट फिक्सअप’ या फंक्शनची आहे. याच आवृत्तीपासून त्याने परत करायचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) ‘कॉन्स्ट’, म्हणजे ज्यातून मजकूर बदलता येत नाही असा असावा लागतो, आणि पॉइंटरचे प्रकार जुळले नाहीत तर कर्नेलची बिल्ड-व्यवस्था केवळ इशारा देऊन पुढे जात नाही, तेथेच थांबते. दोन्ही दुरुस्त्या काही मिनिटांच्या आहेत आणि त्या करून काम संपले असे म्हणता आले असते. मात्र जुन्या ड्रायव्हरमध्ये टायमर थांबवण्यासाठी वापरलेले फंक्शन कर्नेल ६.१५ मधून काढून टाकलेले आहे, म्हणजे आज ठिगळ लावले तरी पुढच्या डेबियनला पुन्हा हेच करावे लागेल. चारही कामांची आजची गरज वेगवेगळी तपासून जे अनावश्यक आहे ते काढणे, अशी कामाची दिशा ठेवली आहे.

१३ सप्टेंबर

आजचा पूर्ण दिवस डिस्क्रिप्टरवर गेला, आणि तो जाणे योग्यच होते.

कळफलकाचा मूळ रिपोर्ट आठ बाइटांचा आहे. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांसारख्या आठ कळींची एकेक बिट, दुसरा बाइट राखीव, आणि उरलेल्या सहा बाइटांत त्या क्षणी दाबलेल्या कळींचे क्रमांक. या सहा बाइटांचे वर्णन करणारा डिस्क्रिप्टरचा तुकडा सोळा-आधारी अंकांत असा आहे: ९५ ०६ ७५ ०८ १५ ०० २५ ६५ ०५ ०७ १९ ०० २९ ६५ ८१ ००. यातील ‘२५ ६५’ म्हणजे किमतीची कमाल मर्यादा आणि ‘२९ ६५’ म्हणजे कळ-क्रमांकाची कमाल मर्यादा. सोळा-आधारी ६५ म्हणजे दशमान १०१. अक्षरे, अंक, बाण, एफ १ ते एफ १२ हे सगळे १०१ च्या आत बसते, म्हणून साध्या इंग्रजी टंकनात काहीच खटकत नाही. परंतु स्पेसबारशेजारची भाषा बदलण्याची कळ एचआयडीच्या यादीतील ‘लँग १’ हा क्रमांक पाठवते आणि तो सोळा-आधारी ९०, म्हणजे १४४ आहे. कळफलकाने स्वतःच १०१ ही मर्यादा जाहीर केलेली असल्याने कर्नेल त्या पलीकडची किंमत निमूटपणे टाकून देतो. कळ दाबल्याचा संदेश हवेतून येतो, ब्लूटूथवरील देवघेव दाखवणाऱ्या बीटीमॉनमध्ये स्पष्ट दिसतो आणि तरीही डेस्कटॉपपर्यंत काहीही पोहोचत नाही.

जुना ड्रायव्हर या दोन्ही ठिकाणी ६५ च्या जागी एफएफ, म्हणजे २५५, लिहितो. कळ-क्रमांकाच्या बाबतीत हे निर्दोष आहे. किमतीच्या मर्यादेच्या बाबतीत मात्र मानक असे सांगते की ही संख्या चिन्हांकित आहे, म्हणून एका बाइटातील एफएफ म्हणजे २५५ नव्हे, तर उणे एक. मानकाप्रमाणे २५५ लिहायचे तर ‘२६ एफएफ ००’ असे दोन बाइटांत लिहावे लागते आणि डिस्क्रिप्टर एका बाइटाने लांबतो. लिनक्सवर जुनी पद्धत आजवर चालली, कारण किमान मर्यादा उणे नसेल तर कर्नेलचा पार्सर (डिस्क्रिप्टर वाचणारा भाग) कमाल मर्यादेलाही चिन्हविरहित धरतो. अशी चूक असलेले कळफलक बाजारात इतके आहेत की ही सवलत उद्या काढून घेतली जाईल असे वाटत नाही. तरी दुरुस्ती म्हणून जे लिहायचे ते मानकाला धरून असावे, या मताने दोन बाइटांची पद्धत घेतली आहे. कळफलकाकडून आलेल्या प्रतीत (बफरमध्ये) जागच्या जागी फेरफार न करता, लांबी वाढवलेला संपूर्ण दुरुस्त डिस्क्रिप्टर ड्रायव्हरमध्ये स्थिर तक्ता म्हणून ठेवला आहे आणि तोच परत केला जातो. ‘कॉन्स्ट’च्या नव्या नियमाशीही हे जुळते.

१६ सप्टेंबर

गटाकडे दोन खेपांमध्ये घेतलेले कळफलक आहेत. बाहेरून ते सारखेच दिसतात. जुन्या खेपेतील कळफलक क्लासिक ब्लूटूथवर चालतात, तर नव्या खेपेतील लो एनर्जी या कमी वीज लागणाऱ्या प्रकारावर, म्हणजे जीएटीटी या त्यातील देवघेवीच्या चौकटीवरील एचआयडी पद्धतीने. नव्या खेपेचा डिस्क्रिप्टर तपासला असता त्यात ‘२६ एफएफ ००’ असेच आढळले, म्हणजे उत्पादकाने दोष मधल्या काळात दुरुस्त केला आहे. दोन्ही खेपांचा उत्पादन-क्रमांक मात्र एकच ठेवलेला आहे. त्यामुळे क्रमांक जुळला म्हणून डिस्क्रिप्टर बदलणे योग्य ठरणार नाही. ठरावीक जागी ‘२५ ६५’ आणि ‘२९ ६५’ हे बाइट खरोखर आहेत का आणि एकूण लांबी अपेक्षेइतकी आहे का, हे पाहूनच बदल केला जाईल, अन्यथा मूळ डिस्क्रिप्टर तसाच पुढे जाईल.

दोन्ही खेपांच्या रिपोर्टांचे एचआयडी-रेकॉर्डरने नमुने घेऊन ठेवले. यूएचआयडी या कर्नेलमधील आभासी उपकरणाच्या सोयीद्वारे ते पुन्हा वाजवून पाहता येतात, त्यामुळे यापुढे प्रत्येक चाचणीला कळफलक हातात असण्याची गरज नाही.

१९ सप्टेंबर

कळ-क्रमांक बदलण्याचे काम कर्नेलमधून बाहेर काढले. ‘लँग १’ला लिनक्स कोरियन लिपीची ‘हंगुल’ कळ समजतो, कारण कळफलकांवर ती मूळची त्यासाठीच असते. जुना ड्रायव्हर तिला एफ १३ बनवत असे आणि डेस्कटॉपवर भाषा बदलण्याची जोडणी त्या कळीला केलेली होती. हेच काम उपकरणे ओळखणाऱ्या युडेव या सेवेच्या हार्डवेअर डेटाबेसमधील एका ओळीने होते. तेथे कळीचा स्कॅनकोड ७००९० असा लिहायचा: त्यातील ७ हे कळफलकाचे पान आणि ९० हा त्या पानावरील क्रमांक. एक गंमत नोंदवून ठेवतो. एफ १३ म्हणून पाठवलेली कळ एक्सकेबी या कळफलक-मांडणीच्या व्यवस्थेच्या नेहमीच्या तक्त्यात ‘टूल्स’ या नावाने ओळखली जाते, म्हणून सेटिंग्जमध्ये एफ १३ शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

या ओळीला एक अट आहे. डिस्क्रिप्टरमध्ये मर्यादा १०१ असेल तर कर्नेलच्या लेखी ७००९० ही कळ अस्तित्वातच नसते आणि डेटाबेसमधील ओळीचा उपयोग होत नाही. म्हणजे पहिले काम कर्नेलमध्ये राहिले पाहिजे, दुसरे बाहेर राहू शकते. बाहेर राहण्याचा लाभ असा की उद्या कोणाला ही कळ वेगळ्या कामासाठी हवी असेल तर मजकूर-फाइलीतील एक शब्द बदलून भागेल.

बॅटरीचे काम पूर्णपणे काढून टाकले. बॅटरीची पातळी दोन्ही खेपांमध्ये मानक मार्गाने येते आणि यूपॉवर ही बॅटरीची माहिती देणारी सेवा ती दाखवते.

२४ सप्टेंबर

टायमरचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. तो का लिहिला होता हे कोडवरून कळत नव्हते. गटाच्या सीताबर्डीतील कार्यालयात जाऊन विचारले, तेव्हा एका ज्येष्ठ लिप्यंतरकार ताईंनी उलटीच तक्रार सांगितली: ‘भाऊ, बाणाची कळ दाबून धरली का ते मधातच थांबते ना.’ ती तक्रार खरी आहे. जुना ड्रायव्हर तीन सेकंदांहून अधिक दाबलेली प्रत्येक कळ सुटली असे जाहीर करतो, मग ती बाणाची असो वा बॅकस्पेस.

टायमर काढून, काना दाबून धरलेल्या अवस्थेत कळफलक हळूहळू दूर नेला, तेव्हा त्याचे कारण उघड झाले. कळफलक बदल झाला तरच रिपोर्ट पाठवतो. कळ दाबली गेल्याचा रिपोर्ट पोहोचला आणि ती सुटल्याचा रिपोर्ट रेडिओच्या टप्प्याबाहेर गेल्याने पोहोचला नाही, तर संगणकाच्या समजुतीप्रमाणे कळ दाबलेलीच राहते आणि पडद्यावर कान्यांची रांग लागते. जोडणी तुटल्याचे कळताच कर्नेलचा इनपुट विभाग दाबलेल्या कळी आपणहून सोडवतो, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर नको. परंतु ‘तुटली’ हे कळायला क्लासिक ब्लूटूथमध्ये मूळ नियमानुसार २० सेकंद लागतात. या काळाला लिंक सुपरव्हिजन टाइमआउट म्हणतात. तो ०.६२५ मिलिसेकंदांच्या स्लॉटमध्ये मोजला जातो आणि मूळ किंमत ३२,००० स्लॉट असते. ग्नोम या डेस्कटॉपच्या मूळ सेटिंगप्रमाणे अर्ध्या सेकंदानंतर दर ३० मिलिसेकंदांनी अक्षर पुन्हा उमटते, म्हणजे वीस सेकंदांत सहाशेच्या वर काने. मोडी पानाच्या मधोमध असे झाल्यावर वैताग येणे स्वाभाविक आहे.

लो एनर्जी जोडणीत लिनक्सने धरलेला हाच काळ ४२० मिलिसेकंद आहे, म्हणून नव्या खेपेत हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. टायमरचे औषध मात्र दोन्ही खेपांना सारखेच पाजले जात होते.

३० सप्टेंबर

टायमरऐवजी टाइमआउटच कमी करण्याचा मार्ग घेतला. ब्लूटूथच्या एचसीआय आज्ञांमध्ये (संगणकाने ब्लूटूथ चिपला द्यायच्या आज्ञांमध्ये) हा काळ लिहिण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. ती जोडणीतील मध्यवर्ती बाजूनेच द्यायची असते. झोपेतून उठलेला कळफलक स्वतः संगणकाला हाक देतो, त्यामुळे पुनर्जोडणीच्या आरंभी मध्यवर्ती भूमिका त्याच्याकडे असते. म्हणून क्लासिक जोडणी होताच आधी भूमिका तपासणारा, गरज असल्यास भूमिका-बदल मागणारा आणि नंतर नवा काळ लिहिणारा लहानसा प्रोग्राम तयार केला. तो सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीतून चालतो आणि त्याला आवश्यक तेवढेच अधिकार दिलेले आहेत.

आरंभी काळ दोन सेकंद, म्हणजे ३,२०० स्लॉट ठेवला. घरी तो उत्तम चालला. सीताबर्डीत मात्र कार्यालयाच्या खाली मोबाईलची दुकाने आहेत आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायची दाटी आहे. क्लासिक ब्लूटूथ आपल्या ७९ वाहिन्यांपैकी गोंगाटाच्या वाहिन्या टाळत उड्या मारते, तरी तेथे दोन सेकंदांच्या मर्यादेत जोडणी मधूनच तुटू लागली. चार सेकंद, म्हणजे ६,४०० स्लॉट, केल्यावर तुटणे थांबले. टप्प्याबाहेर गेल्यास आता शंभर-सव्वाशे काने उमटतील. शून्य उमटले असते तर बरे झाले असते, परंतु त्यासाठी बाणाची कळ पुन्हा अर्ध्यावर थांबवणे मला मान्य नाही.

३ ऑक्टोबर

काल दसरा, आणि दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीमुळे गटाचे कार्यालय बंद होते. आज घरूनच ड्रायव्हरची शेवटची मांडणी केली. त्यात आता ‘रिपोर्ट फिक्सअप’ आणि साधनांचा ओळख-तक्ता एवढेच उरले आहे. ‘प्रोब’ फंक्शनही काढले, कारण ते दिले नाही तर एचआयडी गाभा स्वतःच डिस्क्रिप्टर वाचून साधन सुरू करतो. काही टॅब्लेट आणखी काही आठवडे डेबियन १२ वर राहणार असल्याने, परत करायच्या पॉइंटरचा प्रकार कर्नेलच्या आवृत्तीप्रमाणे ठरवणारी एक अट मात्र ठेवावी लागली.

एचआयडी-बीपीएफचा विचार केला होता. कर्नेल ६.३ पासून डिस्क्रिप्टरची अशी दुरुस्ती मॉड्यूलशिवाय (कर्नेलला जोडायच्या वेगळ्या भागाशिवाय), बीपीएफ या कर्नेलमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने करता येते. परंतु ६.११ मध्ये तिची जोडण्याची पद्धत बदलली आणि ६.१ वर ती मुळातच नाही, म्हणून मिश्र यंत्रे असेपर्यंत ती बाजूला ठेवली आहे.

९ ऑक्टोबर

पहिल्या टॅब्लेटवर डीकेएमएस या, प्रत्येक कर्नेलसाठी मॉड्यूल नव्याने बांधणाऱ्या साधनाद्वारे मॉड्यूल बसवले. सिक्युअर बूट चालू असल्याने सही नसलेले मॉड्यूल कर्नेल स्वीकारत नाही. डीकेएमएस स्वतः किल्ली तयार करून सही करते, परंतु ती किल्ली संगणकाने मान्य करावी यासाठी एकदा रीस्टार्ट करून निळ्या पडद्यावर पासवर्ड टाकावा लागतो. हा पडदा डेबियन सुरू होण्यापूर्वी येतो, त्या वेळी ब्लूटूथ चालू नसते, आणि टॅब्लेटला तर दुसरा कळफलक नाही. त्यामुळे प्रत्येक टॅब्लेटवर हे काम करताना ओटीजी केबल आणि यूएसबी कळफलक सोबत ठेवणे अनिवार्य आहे. हे सूचनापत्रकात अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिले आहे. सिक्युअर बूट बंद करून टाकावे अशी सूचना गटातून आली, ती मी नाकारली: हे संगणक लोकांच्या घरी, प्रवासात, कोणाच्याही हाती पडू शकतील अशा ठिकाणी असतात.

१६ ऑक्टोबर

सुरक्षेबाबतची एक गोष्ट ड्रायव्हरच्या कक्षेबाहेरची असली तरी येथे नोंदवणे भाग आहे. जुन्या टॅब्लेटवरील ब्लूझेड या लिनक्सच्या ब्लूटूथ प्रणालीच्या इनपुट-संरचनेत ‘क्लासिक बॉण्डेड ओन्ली’ (पेअरिंग झालेल्याच क्लासिक साधनांना जोडू देणारा) हा पर्याय मुद्दाम बंद केलेला आढळला. मार्क न्यूलिन या संशोधकाने डिसेंबर २०२३ मध्ये उघड केलेल्या त्रुटीमुळे, ज्याच्याशी रीतसर पेअरिंग झालेलेच नाही असे जवळपासचे उपकरण कळफलक असल्याचे भासवून जोडले जाऊ शकत असे आणि संगणकात हवे ते टंकू शकत असे. सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२०२३-४५८६६ या क्रमांकाने ती नोंदलेली आहे आणि लिनक्सबरोबर अँड्रॉइड, मॅकओएस व आयओएस यांनाही ती लागू होती. ब्लूझेडने त्यावरचा उपाय म्हणून हा पर्याय मूळातच चालू ठेवला. तो चालू झाल्यावर काही जुने कळफलक जोडले जाईनात, म्हणून कोणीतरी तो पुन्हा बंद केला असावा.

पर्याय पूर्ववत चालू केला आणि जुन्या खेपेतील सर्व कळफलकांची जुनी जोडणी पुसून नव्याने पेअरिंग केले. पडद्यावर दिसणारे सहा अंक कळफलकावर टंकून एंटर दाबावे लागते. अंक देवनागरीत टंकायचे की इंग्रजीत, अशी शंका अनेकांनी विचारली. कोणती भाषा निवडली आहे याने काही फरक पडत नाही, कारण ते अंक संगणकाकडे अक्षरे म्हणून जातच नाहीत. कळफलक स्वतः ते वापरून किल्ली सिद्ध करतो. पेअरिंगनंतर एकही कळफलक जोडण्यास नकार देत नाही.

२९ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्व टॅब्लेटवरील तपासणी झाली. भाषा बदलण्याची कळ दोन्ही खेपांत चालते. इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्टसह येणारे ‘ऱ’, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ तपासले, त्यांत काही अडचण नाही. बाणाची कळ दाबून धरली तर पानाच्या शेवटापर्यंत जाते. कळफलक झोपेतून उठताना पहिली कळ हरवते ही तक्रार कायम आहे आणि ड्रायव्हरमधून ती सुटणारी नाही. जोडणी पुन्हा होईपर्यंत ती कळ साठवून ठेवायची की नाही हे कळफलकाचे फर्मवेअर (त्याच्या आतील प्रोग्राम) ठरवते. टंकन सुरू करण्यापूर्वी एकदा शिफ्ट दाबावे, एवढेच सूचनापत्रकात लिहिले आहे.

डिस्क्रिप्टरची दुरुस्ती मुख्य कर्नेलमध्ये जावी यासाठी पॅच (बदलांची फाइल) तयार केला, त्यातून डेबियन १२ साठीची अट काढली, कर्नेलच्या चेकपॅच या तपासणी-प्रोग्रामने तपासला आणि आज लिनक्स-इनपुट विभागाच्या देखरेखकर्त्यांकडे पाठवला. तो स्वीकारला गेल्यास, तो सामावून घेणाऱ्या कर्नेलपासून डीकेएमएस पॅकेज आणि किल्लीचा निळा पडदा दोन्ही वगळता येतील. युडेवची ओळ आणि टाइमआउटचा प्रोग्राम मात्र तेव्हाही लागतील, म्हणून ती दोन्ही आजच वेगळ्या पॅकेजमध्ये काढून ठेवली आहेत.